लॉकिंग शिकायचंय? आधी थांबायला शिका

मी लॉकिंग हा नाच शिकायला लागले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. पिंपरीत नोकरी होती, आणि शाळेतल्या लेझमीनंतर नाचाशी संबंध आला नव्हता. आता पाच वर्षं झाली. रविवारी सरावाला नवीन मुलं येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, सुरुवात कशाने करू?"

सुरुवात नावापासून करा. टीव्हीवरचे कार्यक्रम बघून आपल्याला 'पॉपिंग-लॉकिंग' एका दमात म्हणायची सवय लागली आहे. हे दोन वेगळे नाच आहेत. पॉपिंगमध्ये स्नायू झटक्याने आवळून सोडायचे असतात. तो कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोच्या बूगालू सॅमने आणि त्याच्या 'इलेक्ट्रिक बूगालूज' या गटाने नावारूपाला आणला. लॉकिंग त्याच्या आधीचं, लॉस एंजेलिसचं.

१९७०च्या सुमारास डॉन कॅम्पबेल नावाचा एक कॉलेजकुमार तिथे 'फंकी चिकन' हा त्या वेळचा लोकप्रिय नाच शिकत होता. हाताची एक हालचाल करताना तो मध्येच अडकायचा, हात जागच्या जागी थिजायचे. मित्र हसले, तसं त्याने हसणाऱ्यांकडेच बोट रोखलं, असं सांगतात. ते अडकणं म्हणजे लॉक आणि ते बोट म्हणजे पॉइंट. पुढे टोनी बेझिल या नर्तिकेसोबत त्याने 'द लॉकर्स' हा गट उभा केला. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे, कारण अख्ख्या नाचाचा गाभा तिच्यात आहे: हात जोरात निघतो आणि ऐन भरात थांबतो.

म्हणून पहिलं काम लॉकचं. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे किंचित वाकवा, छाती थोडी पुढे झुकवा. हात असे गोल करा, की पाण्याचं मोठं पिंप कवेत घेतलंय. कोपरं बाहेर, मुठी खाली. आता या जागेवर पोचायचं आणि तिथे पोचल्यावर काहीही हलू द्यायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. मोबाइलवर स्वतःला चित्रित करून बघा: हात थांबलेले असतात आणि मान डुलत असते, नाहीतर टाचा उचललेल्या असतात. मी रोज गच्चीवर वीस मिनिटं एवढंच करायचे. आई वाळवण गोळा करायला वर आली की विचारायची, "अगं, आज पण तेच?" हो, आज पण तेच.

थांबायचं कुठे, हा त्याहून अवघड प्रश्न. जेम्स ब्राउन या अमेरिकन फंक गायकाचं संगीत लावलं की मला सगळीकडून ठोके ऐकू यायचे आणि मी कुठेतरी मध्येच थांबायचे. आमच्या शेजारचे काका भजनात पखवाज वाजवतात. एकदा त्यांना ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि खुर्चीच्या दांड्यावर बोट आपटलं. पुन्हा आपटलं. "ही बघ सम. तो खालचा जाड आवाज ऐक, तो इथे येऊन बसतोय." जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून पहिल्या मात्रेवरच जोर मागायचा, हे मी नंतर वाचलं. काकांनी ते काहीही न वाचता पकडलं होतं. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याला मी आठवडाभर नाचूच देत नाही. चार मात्रा मोजायच्या, पहिलीवर पाय दाबायचा, दुसरी आणि चौथीवर टाळी द्यायची. ते अंगात मुरलं की मग हात.

हातांत सगळ्यात आधी ट्वर्ल. मनगट आतून बाहेर फिरतं, कोपर उचलून खांद्यापर्यंत येतं, मूठ सैल राहते. मूठ आवळलीत की मनगट जखडतं आणि सगळा हात खांद्यातून फिरायला लागतो. नव्या मुलांची हमखास चूक हीच. एकला ट्वर्ल, दोनला लॉक, तीनला ट्वर्ल, चारला लॉक, हे गाणं संपेपर्यंत. पॉइंटमध्ये हात आधी छातीशी ओढून घ्या, मग फेका. बोटाबरोबर नजरही जाऊ द्या. समोर माणूस उभा आहे आणि तुम्ही त्यालाच दाखवताय, असं वाटलं पाहिजे. नजर जमिनीवर असेल तर तो पॉइंट नव्हेच.

पायांची कामं नंतर: स्कूबी डू, स्कीटर रॅबिट, स्टॉप अँड गो. पहिली दोन नावं नाचणाऱ्या माणसांच्या टोपणनावांवरून पडली आहेत, म्हणून ती नीट घ्या.

आता क्लासबद्दल. मी आधी जिथे जात होते तिथे दुसऱ्याच महिन्यात स्टेज शोची तयारी सुरू झाली. लॉक कच्चा असताना मला नी-ड्रॉप दिला, म्हणजे धपकन गुडघ्यावर उतरणं. मी तो गच्चीच्या कोब्यावर घोटत बसले. गुडघा सुजला, तीन आठवडे जिना चढताना कठडा धरावा लागला. त्या सुट्टीत फक्त हात करता आले आणि माझे लॉक त्याच काळात सुधारले. क्लास निवडताना एकच विचारा: पहिले तीन महिने काय शिकवता? उत्तरात गाण्यांची नावं आली तर दुसरीकडे चौकशी करा. नी-ड्रॉप शिकाल तेव्हा नी-पॅड घाला, जमीन लाकडी किंवा मॅटची असू द्या, आणि मांडीच्या ताकदीवर हळू उतरा.

आरशासमोर फार महिने एकटे राहू नका. हा क्लबात, माणसांच्या घोळक्यात वाढलेला नाच आहे. स्वतःच्याच तळव्यावर टाळी देणं, जोडीदाराशी हात मिळवणं हे त्याचे मूळचे भाग आहेत. आम्ही सात-आठ जण गोल करून उभे राहतो, एकेक जण मध्ये जातो. नवीन कोणी आलं की त्याच्याकडून एवढंच मागतो: एक ट्वर्ल, एक लॉक आणि कोणाकडे तरी बघून एक पॉइंट. परवा एक अकरावीतली मुलगी आली होती. लॉक डळमळीत होता, पण पॉइंट तिने थेट माझ्याकडे केला, आणि गोलातले सगळे एकदम ओरडले.