'स्कोप्ड' ऑब्जेक्ट शेअर करताना या चुका टाळा

कूपन सर्व्हिसने कार्टवर सवलत लावली, त्याच रिक्वेस्टमध्ये बिल सर्व्हिसने कार्ट वाचलं, तर सवलत शून्य. एक्सेप्शन नाही, लॉग स्वच्छ. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) असं दिसलं की आधी रजिस्ट्रेशन, म्हणजे कोणत्या इंटरफेससाठी कोणता क्लास द्यायचा याची नोंद, उघडून बघा. तिथे बहुधा दोन ओळी सापडतील: आयकार्टरीडरसाठी कार्ट, आयकार्टरायटरसाठी कार्ट, दोन्ही 'अ‍ॅडस्कोप्ड'ने. स्कोप्ड म्हणजे दर नोंदीमागे एका स्कोपमध्ये (इथे एका रिक्वेस्टमध्ये) एकच ऑब्जेक्ट. क्लास एकच असला तरी रजिस्ट्रेशन दोन, म्हणून कंटेनर (ऑब्जेक्ट बनवून देणारा भाग) एकाच स्कोपमध्ये दोन वेगळे कार्ट बनवतो. एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं, आणि दोघांची गाठच नाही. खात्री करायची तर कन्स्ट्रक्टरमध्ये एक गाइड (जीयूआयडी, म्हणजे एकमेव ओळख क्रमांक) तयार करून लॉग करा. एका रिक्वेस्टला दोन गाइड दिसले की चोर सापडला.

उपाय सोपा आहे. आधी कार्ट हा क्लास स्वतःच्याच नावाने स्कोप्ड म्हणून नोंदवा. मग दोन्ही इंटरफेससाठी लॅम्डा (छोटं फंक्शन) द्या, जो सर्व्हिस प्रोव्हायडरकडून 'गेटरिक्वायर्डसर्व्हिस'ने तोच कार्ट मागून परत देईल. कार्ट डिस्पोजेबल (काम संपल्यावर 'डिस्पोज'ने आवरायचा) असेल तर डिस्पोज दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं लिहा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: सिंगलटनच्या (अ‍ॅपभर एकच असणाऱ्या ऑब्जेक्टच्या) कन्स्ट्रक्टरमध्ये डीबीकॉन्टेक्स्ट, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा स्कोप्ड ऑब्जेक्ट, मागणं. डेव्हलपमेंटमध्ये 'कॅनॉट कन्झ्यूम स्कोप्ड सर्व्हिस' म्हणून अ‍ॅप लगेच ओरडतं. ही तपासणी प्रॉडक्शनमध्ये मुळात बंद असते, त्यामुळे तिथे पहिला कॉन्टेक्स्ट गुपचूप अडकून बसतो आणि अ‍ॅप बंद होईपर्यंत सुटत नाही. 'व्हॅलिडेटस्कोप्स', म्हणजे हीच तपासणी, सगळीकडे चालू ठेवा, असं माझं मत. काही जण एरर घालवायला डीबीकॉन्टेक्स्टलाच सिंगलटन करतात. कृपा करून हे करू नका. तो थ्रेड-सेफ नाही, म्हणजे एकाच वेळी अनेकांनी वापरण्याजोगा नाही. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या की 'अ सेकंड ऑपरेशन वॉज स्टार्टेड' ही एरर सुरू होते, आणि ती नेमकी गर्दीच्या वेळी.

बॅकग्राउंड सर्व्हिसही सिंगलटनच असते. तिथे 'आयसर्व्हिसस्कोपफॅक्टरी' घ्या आणि स्कोप लूपच्या आत, दर फेरीला नवा उघडा. लूपच्या बाहेर एकदाच उघडला तर कॉन्टेक्स्ट ट्रॅक केलेल्या एंटिटी (डेटाबेसमधल्या नोंदींचे ऑब्जेक्ट) साठवत जातो आणि मेमरी चढत राहते. म्हणजे स्कोप उघडूनही पहिले पाढे पंचावन्न.

मिडलवेअरमध्ये (प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेत चालणारा कोड) स्कोप्ड सर्व्हिस कन्स्ट्रक्टरमध्ये नको, 'इन्व्होकअसिंक'च्या पॅरामीटरमध्ये मागा. एचटीटीपी क्लायंट फॅक्टरीच्या हँडलरला (बाहेर जाणारी रिक्वेस्ट हाताळणारा भाग) स्वतःचा वेगळा स्कोप असतो, तेव्हा रिक्वेस्टमधला लॉगिन युजर तिथे आपोआप मिळेल अशी आशा धरू नका. आणि 'टास्क डॉट रन'मध्ये काम सोडून रिस्पॉन्स पाठवून दिलात, तर आतला कॉन्टेक्स्ट अर्ध्यातच डिस्पोज होतो. अशा कामासाठी आतमध्येच नवा स्कोप उघडा.