घरून व्हॉइसओव्हर ऑडिशन देताय? रेकॉर्डिंगमधल्या या चुका टाळा

एखाद्या जाहिरातीसाठी किंवा डबिंगमधल्या भूमिकेसाठी आवाज निवडणाऱ्या माणसापुढे सॅम्पलचा ढीग असतो. आवाज छान, उच्चार स्वच्छ, वाक्याची समजही चांगली. पण मागे पंखा घरघरतोय आणि खोली घुमतेय, असं सॅम्पल लागलं की तो पुढच्या फाइलकडे वळतो. त्याचंही चूक नाही. फायनल रेकॉर्डिंगही याच खोलीतून येणार असेल, तर ते असंच येणार, हे त्याला कळतं. मला मात्र याची फार हळहळ वाटते. उत्तम मराठी बोलणारी माणसं सोलापूर, नांदेड, चिपळूण, बेळगाव अशी सगळीकडे आहेत. अंधेरीच्या स्टुडिओपर्यंत न जाता ऑडिशन देता येते ही सोय सगळ्यात जास्त त्यांच्या उपयोगाची आहे, आणि ती खोलीच्या घुमण्यापायी वाया जाते.

सॅम्पल नाकारलं गेलं की बहुतेक जण आधी नवा माईक शोधायला लागतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. दोष शोधायचा तो खोली, माईकपासूनचं अंतर, लेव्हल (रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी) आणि फाइल या क्रमाने. चांगला कंडेन्सर माईक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माईक, वाईट खोलीत लावला तर तो त्या खोलीचा वाईटपणा आणखी स्पष्ट ऐकवतो.

आधी शांतता रेकॉर्ड करा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. रोज जिथे रेकॉर्ड करता तिथे, माईकची लेव्हल नेहमीसारखी ठेवून, दहा सेकंद काहीही न बोलता रेकॉर्ड करा. मग वायरचे हेडफोन लावा, व्हॉल्यूम चढवा आणि डोळे मिटून ऐका. खोलीत बसून ‘शांत’ वाटलेली ती दहा सेकंदं बरंच काही सांगतात.

खालच्या पट्टीतला एकसुरी ‘हूंऽऽ’ ऐकू आला तर ती विजेची गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण ५० आणि तिच्या पटीत १००, १५० हर्ट्झवर बसते. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर पुन्हा रेकॉर्ड करा. गुणगुण गेली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण आत अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती तपासून घ्या, कारण हा रेकॉर्डिंगपुरता प्रश्न नाही. तोवर बॅटरीवर काम करा आणि माईकची वायर विजेच्या वायरला समांतर जाऊ देऊ नका.

बारीक ‘सूंऽऽ’ म्हणजे हिस. तुम्ही माईकपासून लांब आहात आणि ती कसर गेन (माईकचा आवाज वाढवणारं बटण) वाढवून भरून काढताय, असा त्याचा अर्थ बहुतेक वेळा निघतो. ‘घर्रर्र’ असेल तर पंखा, फ्रिज किंवा शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून चालू-बंद होतो, म्हणून एक टेक स्वच्छ आणि दुसरा खराब येतो आणि कारण सापडत नाही. ‘टक-टक’ आली तर भिंतीवरचं घड्याळ. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. नेटवर्क शोधताना तो मध्येच ‘टिरिक-टिरिक’ करतो आणि बरोबर चांगल्या टेकमध्ये करतो.

गोदडी चुकीच्या बाजूला लावणं

खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझणीत शेपूट ऐकू आलं तर तुमचा आवाजही तसाच घुमणार. आपल्या फ्लॅटमधली बेडरूम साधारण दहा बाय दहाची. खाली टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर, एक काचेची खिडकी. सगळंच कडक. एका भिंतीपाशी उभं राहून बोललात तर समोरच्या भिंतीवर आपटून आवाज परत यायला सतरा-अठरा मिलिसेकंद लागतात. इतक्या थोड्या वेळात तो वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, मूळ आवाजालाच चिकटतो. ‘आवाज बाथरूममधून आल्यासारखा वाटतोय’ हा शेरा मिळतो तो यामुळे.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांनी बोलण्याच्या आवाजाला फारसा फरक पडत नाही. इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे सूर शोषतो आणि खालचे तसेच सोडतो, म्हणून खोली झणझणायची थांबते पण डब्यासारखी वाजायला लागते. आवाज शोषायला जाडी आणि वजन लागतं. ते आपल्या घरात आधीपासून आहे: जुन्या साड्यांची पदरावर पदर घालून शिवलेली गोदडी, कापसाची गादी, रजई. सोलापुरी चादर एकेरी टांगून भागत नाही, तिची चार पदरी घडी करा. आणि शक्य असेल तर गोदडी भिंतीला चिकटवून न लावता हाताच्या पंजाएवढं अंतर सोडून टांगा. तेवढ्या पोकळीने खालचे सूरही जरा जास्त शोषले जातात.

आता खरी चूक. बहुतेक जण गोदडी माईकच्या मागे लावतात, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर. कार्डिऑइड माईक मागचं कमी ऐकतो आणि समोरचं जास्त. त्याच्या समोर काय आहे? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून एकच गोदडी असेल तर ती तुमच्या पाठीमागे, डोक्यापासून कमरेपर्यंत टांगा. दुसरी मिळाली तर माईकच्या मागे, तिसरी एका बाजूला. कपड्यांनी गच्च भरलेलं लाकडी कपाट असेल तर दारं उघडून त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. रिकाम्या लोखंडी कपाटापासून मात्र दूर राहा, त्याचा पत्रा तुमच्या आवाजाबरोबर झणझणतो. स्क्रिप्ट टेबलावर ठेवत असाल तर टेबलावर जाड टॉवेल अंथरा. टेबलावरून उसळलेला आवाज माईकमध्ये क्षणभर उशिरा पोचतो आणि मूळ आवाज पोकळ करतो.

गोदड्यांनी खोली घुमायची थांबते, बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. रिक्षाचा हॉर्न, डक्टमधले पारवे, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या यांवर उपाय वेळेचा. लाउडस्पीकरवर २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. सणांच्या मोजक्या दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल होते. त्यामुळे रात्री साडेदहानंतरचा किंवा पहाटे पाचचा तास आपला. पहाटे आवाज जरा जड असतो, आधी पंधरा मिनिटं बोलून तो मोकळा करून घ्या. पंखा बंदच हवा. उकाड्यात दहा मिनिटं रेकॉर्डिंग, पाच मिनिटं पंखा असं चालू द्या. पावसाळ्यात पत्र्याखाली राहणाऱ्यांनी सर येऊन गेल्यावरची उघडीप गाठावी. कंडेन्सर माईकला दमट हवेत खरखर येऊ शकते. काम झाल्यावर तो सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

माईकशी बोलताना

अनेक यूएसबी माईक टोकाकडून नाही, बाजूने बोलायचे असतात. टोकाशी तोंड नेऊन बोललात तर आवाज दबलेला येतो. ब्ल्यू येतीसारख्या माईकवर चार पॅटर्न (कुठल्या बाजूचं ऐकायचं याचे पर्याय) असतात, त्यातला कार्डिऑइड निवडलाय ना ते दर वेळी बघा. बोया बीवाय-एम१सारखा कॉलरचा माईक स्वस्त असतो आणि कामही देतो, पण तो चारी बाजूंचं सारखंच ऐकतो. तो वापरणाऱ्यांना गोदड्या जास्त लागतात. त्याच्या डबीवरचं बटण मोबाइलच्या बाजूला आहे का, हेही पाहा.

अंतर वीतभर ठेवा. अंगठा ओठांशी, करंगळी माईकशी. त्याहून जवळ गेलात तर कार्डिऑइड माईक खालचे सूर फुगवतो. आवाज भारदस्त झाल्यासारखा वाटतो खरा, पण शब्द गढूळ होतात. दोन हात लांब गेलात तर तुमच्यापेक्षा खोली जास्त ऐकू येते. ओरडायचं वाक्य आलं तर अर्धं पाऊल मागे घ्या, कुजबूज असेल तर जरा पुढे या.

मराठीत बोलणाऱ्यांनी एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्यायला हवं. इंग्रजीतले व्हिडिओ ‘प’ आणि ‘ब’च्या फटक्याबद्दल सांगतात. आपल्याकडे ख, घ, ठ, थ, फ, भ ही महाप्राण अक्षरं हवेचा झोत घेऊन येतात आणि ती पावलोपावली असतात. तळहात तोंडासमोर धरून ‘भाकरी’, ‘फणस’, ‘खांब’ म्हणा. तळहातावर फुंकर लागेल. आता तोच तळहात ओठांच्या कोपऱ्याकडे, चार-पाच बोटं बाजूला सरकवा आणि तेच शब्द पुन्हा म्हणा. फुंकर लागणार नाही, आवाज मात्र तितकाच स्पष्ट असेल. माईकची जागा तीच: तोंडासमोर नाही, किंचित बाजूला, वळून तुमच्या ओठांकडे पाहणारी. पॉप फिल्टर (माईकसमोरची, हवेचा झोत अडवणारी जाळी) लावाच, पण आधी ही जागा साधा. मग हे वाक्य रेकॉर्ड करून बघा: ‘भल्या पहाटे फुलवाल्याने फाटकापाशी खारीक, फुटाणे आणि फुलांची परडी ठेवली.’ एकही ‘धप्’ आला नाही तर जागा जमली. ‘स’ आणि ‘चमचा’तला ‘च’ टोचत असेल तर माईक आणखी थोडा तिरका करा.

लेव्हल, ब्लूटूथ आणि मोबाइल

‘हॅलो, हॅलो, एक दोन तीन’ म्हणून लेव्हल लावू नका. स्क्रिप्टमधलं सगळ्यात मोठ्या आवाजाचं वाक्य पूर्ण जोराने म्हणा आणि ते मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढाच गेन ठेवा (शून्याला आवाज फाटतो). बाकीचं बोलणं उणे १२च्या आसपास राहील, तेवढं पुरेसं आहे. २४ बिटच्या सेटिंगवर रेकॉर्ड करत असाल तर लेव्हल कमी आल्याने काही बिघडत नाही, नंतर वाढवता येते. वर फाटलेला आवाज पूर्वीसारखा होत नाही.

ब्लूटूथ इअरबड्सच्या माईकवर ऑडिशन देऊ नका. तो माईक चालू झाला की बहुतेक वेळा फोन कॉलच्या दर्जाचा आवाज मिळतो, मग इअरबड्स कितीही महागाचे असोत. मोबाइलवरच रेकॉर्ड करायचं असेल तर वेव्ह (.wav, म्हणजे न दाबलेली) फाइल देणारं आणि गेन आपोआप बदलणारी सोय बंद करू देणारं ॲप घ्या. ती सोय चालू राहिली तर तुम्ही थांबलात की खोलीचा आवाज हळूहळू वर येतो, बोललात की खाली बसतो. ऐकणाऱ्याला ते लगेच जाणवतं.

सॉफ्टवेअरने धुऊन काढणं

ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करण्याची सोय, जपून वापरा. ते ६ डेसिबलवर ठेवा, एकदाच लावा, मग ऐका. दोन-तीनदा लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मराठीत सगळ्यात आधी ‘ह’ मरतो. ‘म्हणून’, ‘उन्हाळा’, ‘आहे’ या शब्दांतला श्वास सॉफ्टवेअरला गोंगाटासारखाच दिसतो आणि ते तो कापून टाकतं. उरतं ते सपाट, निर्जीव मराठी. एका बटणात आवाज ‘स्टुडिओ क्वालिटी’ करून देणाऱ्या एआय टूलबद्दलही माझं मत हेच आहे: ऑडिशनमध्ये तुमचा खरा आवाज ऐकायचाय, आणि ती टूल्स तो बदलतात.

८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने काढा, सर्वोच्च लेव्हल उणे ३ डेसिबलवर आणा, सुरुवात-शेवट कापा. बस्स. मागे संगीत नको, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको. मोजपट्टी हवी असेल तर एसीएक्स या ऑडिबलच्या ऑडिओबुक-मंचाच्या अटी पाहा: सरासरी लेव्हल उणे २३ ते उणे १८, कमाल उणे ३, आणि शांततेतला गोंगाट उणे ६० डेसिबल किंवा त्याखाली. तुमचं ऑडिशन कोणी या आकड्यांवर तपासणार नाही, पण उणे ६०चा आकडा तुमची खोली खरंच किती शांत आहे ते सांगतो.

पाठवताना

को-ऑर्डिनेटर बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवरच सॅम्पल मागतात. तिथे माईकचं बटण दाबून व्हॉइस नोट पाठवू नका, ती खूप दाबली जाते. तयार फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, ती जशीच्या तशी जाते. १९२ केबीपीएसची एमपी थ्री मिनिटाला दीड एमबीच्या आत बसते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची मोनो वेव्ह मिनिटाला साधारण ८.६ एमबी घेते. मागितलं असेल तेच द्या. ‘नाव सांगू नका’ लिहिलं असेल तर सांगू नका. फाइलला ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ असं नाव ठेवू नका. तुमचं नाव, प्रोजेक्ट आणि टेक एवढं त्यात यावं.

पाठवून झाल्यावर एक काम राहतं. निवडीचा फोन कधी कधी महिन्याने येतो आणि तेव्हा ‘ऑडिशनसारखाच आवाज हवा’ असं सांगितलं जातं. म्हणून गोदड्या, स्टँड आणि तुमची उभी राहायची जागा यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, गेनच्या बटणावर चिकटपट्टीने खूण करा आणि काहीही प्रक्रिया न केलेली मूळ वेव्ह फाइल जपून ठेवा. टेक पसंत पडला तर कधी कधी तीच फाइल फायनलसाठी मागतात.