रिसॉर्ट की क्रूझ? आधी घरातल्या माणसांकडे बघा

रिसॉर्ट करायचं की क्रूझ, असं विचारायला लोक येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न दराचा असतो. माझा वेगळा असतो: तुमच्या घरात रोजचा स्वयंपाक कोण करतं, आणि सुट्टीत तिला काय हवंय? मी रत्नागिरीत बसून सहलींची बुकिंग करते. माझ्याकडे दोन्हीकडची माणसं येतात. पुणे, मुंबई, कोल्हापूरहून कोकणात येऊ बघणारी, आणि इथलीच, लांजा-राजापूर-संगमेश्वरची, चार दिवस कोकणाबाहेर पडू बघणारी. दोघांना एकच उत्तर देऊन चालत नाही.

संगमेश्वरच्या एका वहिनींनी मला स्पष्टच सांगितलं, "ताई, समुद्रच बघायचा तर भाट्याला जाऊन बसेन की. मला अशा ठिकाणी पाठवा, जिथे 'आज जेवायला काय?' असं मला कोणी विचारणार नाही." त्यांचं घर मोठं. गणपतीला मुंबईचे दीर-जावा, शिमग्याला पालखी आणि तिच्यामागून येणारे पाहुणे, मे महिन्यात भाचरंडं. अशा घराला मी जवळपासचं रिसॉर्ट कधीच सुचवत नाही. गुहागरला जाऊन राहिलात, तर गुहागरची आत्या म्हणणारच, "इथवर आलात आणि लॉजवर जेवता? घरी या." मग घरातल्या बाईची सुट्टी तिथेच संपते. तिच्यासाठी जहाज खरोखर चांगलं. वेळेला तयार ताट, आवरलेली खोली, मुलांना खेळायला वेगळी जागा, आणि किनारा मागे पडला की फोनची रेंजही जाते.

याउलट, पुण्याहून कोकण बघायला निघालेल्या कुटुंबाला जहाजात बसवलं तर ती माणसं हिरमुसतात. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ साधारण संध्याकाळी सुटते आणि रत्नागिरी, विजयदुर्गाच्या समोरून जाते ती रात्री, किनाऱ्यापासून बरीच आत. दिसले तर लांबचे दिवे दिसतात. ती रत्नागिरीला लागत नाही, मालवणलाही नाही. पूर्वीच्या आगबोटीचं तसं नव्हतं. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग अशी बंदरं घेत ती खाली जायची आणि माणसं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरून किनाऱ्याला यायची. आमच्या सासऱ्यांच्या पिढीला 'बोटीने मुंबईला' म्हटलं की तेच आठवतं, आणि अजूनही कित्येकांच्या मनात क्रूझ म्हणजे तोच प्रवास जरा थाटात, असं असतं. तसं नाही. आजची क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० सालचं, २०२१ पासून मुंबईहून फिरतं आहे. सुमारे २१० मीटर लांब. त्यात थिएटर, पोहण्याचा तलाव, उपाहारगृहं सगळं आहे, पण माडाच्या बनातून चालत पुळणीवर उतरणं त्यात नाही. ज्याला कोकण हवं, त्याने जमिनीवरच राहावं.

गोव्याला थांबा असतो तो मुरगाव बंदरात. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर. जहाज सुटायच्या बऱ्याच आधी परत यावं लागतं, त्यामुळे कळंगुट, जुनं गोवं, मंगेशी असा बेत एका दिवसात आखू नका. एकच ठिकाण धरा.

आता पैशांचं. इथे लोक हमखास घोळ घालतात, कारण रिसॉर्टचा दर खोलीमागे असतो आणि क्रूझचा माणशी. क्रूझचा जाहिरातीतला दर बहुधा दोन माणसांनी एक केबिन वाटून घेतली, असं धरून दिलेला असतो. एकटी आजी वेगळ्या केबिनमध्ये झोपणार असेल तर तिला जवळजवळ दोघांचा दर पडू शकतो. त्याच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला सवलत मिळते, पण वरची घडीची बर्थ आजोबांच्या कामाची नाही, हे बुकिंग करतानाच बघा. मूळ दरावर बंदर शुल्क, सेवाशुल्क, जीएसटी चढतो. शीतपेयं, वायफाय, गोव्यातली सहल, काही खास उपाहारगृहं यांचे पैसे वेगळे. रिसॉर्टच्या बाजूला खोली, जास्तीची गादी, जेवण, गाडी आणि पेट्रोल, ड्रायव्हरची सोय, बोटिंग. खोलीचं भाडं रोजचं साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे, वर गेलं की १८ टक्के. त्यामुळे ७,४०० ची आणि ७,८०० ची खोली दिसायला सारखी, बिलात मात्र चांगलाच फरक. एक कागद घ्या, दोन्ही बाजूंना उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंतचा सगळा खर्च मांडा आणि खाली एकूण माणसांनी भागा. त्याआधी कुठलाही दर स्वस्त किंवा महाग म्हणू नका.

कोकणातून क्रूझला जाणाऱ्यांनी त्या कागदात मुंबईतली एक रात्र धरलीच पाहिजे. जहाज सुटायच्या दोनेक तास आधी प्रवेश बंद होतो आणि ते कुणासाठी थांबत नाही. मुंबई-गोवा महामार्गावर भरवसा ठेवून त्याच सकाळी चिपळुणातून निघायचं, हा बेत मी कुणालाच करू देत नाही. आदल्या दिवशी मांडवी एक्स्प्रेस पकडा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच सकाळी बसून तिकीट काढा.

रिसॉर्टकडे वळताना एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे दहा खोल्यांच्या घरालाही रिसॉर्ट म्हणतात आणि तलाव-बागेसह मोठ्या जागेलाही. नावावरून काही कळत नाही, फोटोवरून त्याहून कमी. म्हणून फोन करायचा. "समुद्र किती लांब?" याला "पाच मिनिटं" असं उत्तर आलं तर लगेच विचारा, चालत की गाडीने? वाटेत चढ किती, जांभ्याच्या पायऱ्या किती? आपली गावं डोंगराच्या कुशीत, खालच्या वाडीतून वरच्या रस्त्याला येताना धडधाकट माणसालाही दम लागतो, गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजीला तर ते अंगण सोडता येत नाही. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला काही आहे का, हे नि:संकोच विचारा. वीज गेल्यावर पंखा चालतो की एसीसुद्धा? मे महिन्यात हा प्रश्न चैनीचा नसतो. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? मुंबईहून निघालेली गाडी रात्री अकराला पोचते आणि मुलं उपाशी झोपतात, हे मी फार वेळा ऐकलं आहे. ड्रायव्हर कुठे झोपणार, हेही विचारा. दुसऱ्या दिवशी घाटातून तुमची मुलं तोच नेणार आहे. आणि व्हिडिओ कॉलवर खोलीच्या खिडकीतून फोन बाहेर धरायला सांगा. समुद्र दिसतो की शेजाऱ्याची पाण्याची टाकी, ते एका क्षणात कळतं. एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, गणपतीपुळे आणि तारकर्लीची निवासं अगदी समुद्राला लागून आहेत, लहान मुलं असलेल्यांना मी ती आवर्जून सांगते, पण सुट्ट्यांत ती लवकर भरतात.

समुद्राला लागून राहायचं तर भरती-ओहोटी कळली पाहिजे, आणि ती कळायला मोबाइल लागत नाही. आपल्याकडची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. वेळ थोडी पुढेमागे होते, पण मुलांना पाण्यात कधी सोडायचं आणि कधी नाही, हे ठरवायला पुरते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि ओसरताना जास्त जोर लावतं. पाणी ओसरत असताना मुलांना गुडघ्याच्या पुढे जाऊ देऊ नका. गणपतीपुळ्याचा समुद्र तर फारच फसवा, तिथे सूचनाफलक उगाच लावलेले नाहीत. गावातला माणूस "आता नको उतरू" म्हणाला की त्याच्याशी वाद घालायचा नाही, बाहेर यायचं. दरवर्षी कुणाचं तरी लेकरू जातं आणि मन सुन्न होतं. तुमच्या मुलांना पोहता येत नसेल आणि ती पाण्याबाहेर राहणारी नसतील, तर उथळ तलाव असलेलं रिसॉर्ट घ्या आणि समुद्र संध्याकाळी हात धरून दाखवा.

जहाजावर हा धोका नाही, तिथे दुसरी काळजी. सहा महिन्यांच्या आतलं बाळ बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. गरोदर बाईला साधारण सहावा महिना लागायच्या सुमारास नकार मिळतो. बुकिंगच्या दिवशीचा महिना धरू नका, प्रवास संपेल त्या दिवशीचा मोजा. डॉक्टर जहाजावर असतात, पण त्यांचे पैसे वेगळे लागतात. पोटातलं ढवळणं हा बहुतेकांचा प्रश्न. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी मागा, तिथे हेलकावा सगळ्यात कमी जाणवतो. टोकाची, उंचावरची बाल्कनीवाली केबिन ऐटीची खरी, पण ज्यांना एसटीतही मळमळतं त्यांनी ती घेऊ नये. गोळी कुठली घ्यायची ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि ती मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते. आणखी एक: जहाज सुटताच सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाच्या नेटवर्कला फोन आपोआप जोडला गेला तर बिल डोळे पांढरे करणारं येतं. आजोबांचा फोन आठवणीने तपासा.

चालायला त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी मी बरेचदा जहाजाच्या बाजूने कौल देते. लिफ्ट आहे, जेवण, करमणूक, खोली सगळं एका छताखाली. फक्त चाकाची खुर्ची लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवायचं. पण ज्या आजोबांना पहाटे उठून, चहा घेऊन, ओटीवर बसायची सवय आहे आणि जिथे जातील तिथे दोन माणसं जोडायची असतात, त्यांना रिसॉर्टपेक्षाही एखाद्या घरगुती निवासात बरं वाटतं. मालक येऊन बसतो, आंब्याचं, पावसाचं बोलणं होतं, सकाळी घावने आणि नारळाचा रस समोर येतो. आता प्रत्येकाचं हवं-नको वेगळं असणार. मग कुणाचं ऐकायचं? वर्षभर ज्यांनी सगळ्यांचं ऐकलं, त्यांचं आधी.

मुलांना बोट हवी आणि मोठ्यांना जमीन, असं झालं तर दोन्ही साधता येतं. दापोलीकडे उतरा, हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा, आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती करा, आणि गुहागरला जाताना चिपळुणाचा वळसा न घेता दाभोळला गाडीसकट फेरीबोटीत चढा. पलीकडे धोपाव्याला उतरता. २००३ पासून ही सेवा चालू आहे. पुढे तवसाळहून जयगडला तशीच दुसरी फेरी, की गणपतीपुळं आलंच. खाडीचं पाणी शांत असतं, आजीसुद्धा गाडीतून उतरून कठड्याला धरून उभी राहते. मालवणला गेलात तर जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्गही आहेत.

काळवेळ मात्र दोन्हींना सारखीच बघावी लागते. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या, पॅरासेलिंग, स्कूबा बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, म्हणजे ताज्या सुरमईसाठी निघालात तर निराश व्हाल. पण पावसातलं कोकण बघायचं आणि निवांत पडून राहायचं असेल, तर रिसॉर्टचे दर तेव्हाच उतरलेले असतात. नाताळ ते ३१ डिसेंबर शक्यतो टाळा. क्रूझसाठी नोव्हेंबर ते मार्च बरा. मेचा शेवटचा आठवडा क्रूझला मी सांगतच नाही: तौक्ते वादळ मे २०२१ मधलं, निसर्ग ३ जून २०२० चं, आणि ऑक्टोबरअखेरही अरबी समुद्रात वादळ उठतं, क्यार २०१९ मध्ये तेव्हाच आलं होतं. हवामानामुळे जहाजाचा मार्ग बदलला, गोव्याचा थांबा रद्द झाला, तर पैसे परत मिळतीलच असं नाही. ती अट मराठीत समजावून मागा, आणि लेखी घ्या. रिसॉर्टवाल्याकडूनही तारीख बदलून मिळेल का, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आगाऊ रक्कम त्यानंतर भरा, आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं, मुलांचीसुद्धा, त्याच दिवशी एका पिशवीत घालून ठेवा.