निळा-पिवळा पडलेला हेडर पाईप पुन्हा चमकवताना

मोटरसायकलच्या इंजिनातून निघून सायलेन्सरकडे वळणारा पाईप, म्हणजे हेडर, बाकीची गाडी नवी दिसत असतानाच पिवळा-निळा पडू लागतो. धातू जळाला असं वाटतं, पण तसं नसतं. तापलेल्या स्टीलवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो, आणि ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे रंग उमटतात तसेच ते या थरावर दिसतात. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलवर साधारण 290 अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, 390 ला तपकिरी, 450 ला गडद जांभळा आणि 540 च्या आसपास निळा रंग येतो. काढायचा आहे तो एवढाच थर, म्हणून हात बेतानंच चालवायचा.

घासायला घेण्याआधी पाईप कशाचा आहे ते बघा. चुंबक लावा. चिकटला नाही तर बहुधा 304 सारखं स्टेनलेस असतं. चिकटला तर क्रोम चढवलेलं साधं लोखंड, नाहीतर चुंबक धरणारं स्टेनलेस. क्रोम आरशासारखं लख्ख आणि किंचित निळसर दिसतं. स्टेनलेसची झाक जरा राखाडी असते. काळा रंग दिलेला पाईप असेल तर पॉलिशच्या वाटेला जाऊ नका, रंगच निघेल.

ही ओळख मी एकदा टाळली. क्रोमच्या पाईपवर 400 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर; नंबर जितका लहान तितका खरखरीत) चालवला. डाग गेला, पण त्या जागी क्रोमखालचं पिवळसर निकेल उघडं पडलं आणि काही महिन्यांत तिथूनच गंजाचे ठिपके फुटले. शोभेच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, एकदा गेला की घरी परत चढवता येत नाही.

आता धुणं. पाईप पूर्ण गार हवा. ब्रेकची डिस्क आणि टायर कापडानं झाकून घ्या, कारण डिस्कवर पॉलिश उडालं तर ब्रेक धरणार नाही. भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानं चिखल आणि तेलकटपणा काढून पाईप पुसून कोरडा करा. बुटाचा तळवा किंवा प्लास्टिकची पिशवी वितळून चिकटली असेल, तर इंजिन थोडं चालवून बंद करा आणि पाईप कोमट असताना लाकडी पट्टीनं ते खरवडा. उरलेला थर रॉकेलच्या फडक्यानं काढता येतो, पण पाईप पूर्ण गार झाल्यावरच.

स्टेनलेसवर आधी नुसतं धातूचं पॉलिश वापरून बघा. मऊ सुती कापडाची लांब पट्टी फाडा, तिला पॉलिश लावा, पाईपमागून घाला आणि दोन्ही टोकं धरून बुटाला चमक आणतात तशी मागे-पुढे ओढा. गोलाईवर हाच प्रकार सर्वांत चांगला चालतो. कापड काळं पडू लागलं की समजा काम होतंय; पट्टी सरकवत राहा. पिवळा भाग पटकन जातो, निळ्याला वेळ लागतो. तरी हटला नाही तर पाणी लावून 1000, मग 1500, मग 2000 नंबरचा वॉटर पेपर वापरा. प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे मिटेपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही. इथं घाई केली की उन्हात सगळे ओरखडे दिसतात. साध्या लोखंडी तारेची घासणी मात्र स्टेनलेसला लावू नका. तिचे कण रुतून बसतात आणि पुढे गंजतात.

क्रोमला फक्त पॉलिश आणि मऊ कापड. गंजाचे ठिपके असतील तर अॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हातानं चोळा. ते क्रोमपेक्षा मऊ असतं.

संडास साफ करायच्या ॲसिडचा सल्ला पुष्कळदा मिळतो. तो अजिबात ऐकू नका. त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड क्रोमही खातं आणि स्टेनलेसलाही बारीक खड्डे पाडतं. ऑक्झॅलिक ॲसिडची क्लीनर पावडर स्टेनलेसवर चालते, पण हातमोजे घालून, थोडा वेळच ठेवायची आणि भरपूर पाण्यानं धुवायची.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पाईप पुसा आणि त्यानंतर उघड्या हातानं शिवू नका. बोटांचा तेलकट ठसा पहिल्याच फेरीत भाजून पक्का बसतो. मेण लावायची गरज नाही, या उष्णतेत ते टिकत नाही.

थोडा सोनेरी रंग परत येणारच. पण काही दिवसांतच गडद निळा आला, तर कारण शोधा: सिलिंडरजवळच्या गॅस्केटमधून (सांधा बंद ठेवणाऱ्या कडीतून) गळती, पेट्रोलच्या मानानं हवा जास्त झालेलं मिश्रण, चुकलेला इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), किंवा गाडी उभी ठेवून फार वेळ चालू ठेवायची सवय. दोन सिलिंडरच्या गाडीत एकच पाईप निळा पडत असेल, तर त्याच बाजूचं गॅस्केट आणि मिश्रण आधी तपासून घ्या.