वुल्व्ह्जच्या पहिल्या मॅचला जाण्याआधी: शिकागोत नवीन आलेल्या कुटुंबांसाठी

शॉमबर्ग, हॉफमन इस्टेट्स, नेपरविल या भागात नवीन आलेलं मराठी कुटुंब पहिल्या थंडीत हमखास एक प्रश्न विचारतं: मुलगा शाळेतून हॉकी हॉकी करत येतो, त्याला नेमकं कुठे न्यायचं? इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, हे एव्हाना कळलं असेल. डाउनटाउनला युनायटेड सेंटरमध्ये शहराचा मोठा हॉकी संघ ब्लॅकहॉक्स खेळतो, पण चौघांची तिकिटं काढली की महिन्याचं गणित बिघडतं. म्हणून आम्ही सगळे सांगतो, रोझमाँटला जा. ओहेअर विमानतळाच्या जवळ ऑलस्टेट अरीना आहे, तिथे शिकागो वुल्व्ह्ज खेळतात. तिकीट परवडतं, जागा जवळून मिळते आणि खेळ अस्सल असतो.

एक गोष्ट मात्र आधी समजून घ्या. मला ती कुणी सांगितली नव्हती.

२०१२-१३ च्या मोसमात मुलगा आठ वर्षांचा होता. एका खेळाडूवर त्याचा इतका जीव जडला की वाढदिवसाला त्याचं नाव पाठीवर छापलेली जर्सी घेतली. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तीच जर्सी घालून गेलो. अरीना तोच, छातीवरचा लांडगा तोच, पण बर्फावर ओळखीचं जवळपास कुणीच नाही. मुलगा काचेला नाक लावून एकेकाच्या पाठीवरचं नाव वाचत होता. "बाबा, हे कोण आहेत?" मला उत्तर देता आलं नाही. परत येताना गाडीत तो रडला.

झालं होतं असं. वुल्व्ह्ज एएचएल या लीगमध्ये आहेत, म्हणजे एनएचएल या सर्वात मोठ्या हॉकी लीगच्या खालच्या पायरीवर. वर ३२ संघ, खाली ३२ संघ आणि प्रत्येकाची जोडी ठरलेली. खालच्या संघात खेळणाऱ्या बऱ्याच जणांचा करार वरच्या क्लबशी असतो, पगार तिथून येतो, आणि कुणाला केव्हा वर बोलवायचं हेही तिथूनच ठरतं. रणजीसारखं समजू नका. मुंबईचा रणजी संघ कुणा दुसऱ्याने पाठवलेल्या खेळाडूंवर उभा नसतो. इथे जोडी तुटली की तो क्लब आपली मुलं उचलून दुसऱ्या गावी नेतो. तोवर आमचा वरचा क्लब व्हँकुव्हर होता. २०१३ मध्ये त्यांनी पिओरियाचा संघ विकत घेतला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला हलवला. पिओरियात ज्यांची मुलं खेळत होती ते सेंट लुईस मग आमच्याकडे आले.

नवीन माणसाने पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की संघाची मालकी कुणाची? आय-९० ने पश्चिमेला गेलात की रॉकफर्डला आइसहॉग्ज आहेत. ते २००७ पासून ब्लॅकहॉक्सचे आहेत, आणि २०२१ मध्ये ब्लॅकहॉक्सनी तो संघ विकतच घेतला. ते झालं स्वतःचं घर. वुल्व्ह्जचे मालक वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचं नातं कराराचं. आपल्याकडे अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला की दोन्ही बाजूंची जी घालमेल होते, तीच इथे दर काही वर्षांनी होते. २००१ मध्ये या लीगमध्ये आल्यापासून अटलांटा, व्हँकुव्हर, सेंट लुईस, व्हेगस आणि कॅरोलायना अशा पाच क्लबांशी त्यांची जोडी जमली. शिकागोतच असलेले ब्लॅकहॉक्स मात्र त्यात कधीच नव्हते. नवीन लोकांना याचं फार नवल वाटतं.

२०२० मध्ये जे घडलं ते संगीत खुर्चीच होतं. व्हेगसला आपली मुलं हाकेच्या अंतरावर हवी होती, म्हणजे दुपारी फोन केला तर संध्याकाळी खेळाडू हजर. म्हणून त्यांनी सॅन अँटोनियोचा संघ विकत घेऊन शेजारच्या हेंडरसनला आणला आणि शिकागो सोडलं. कॅरोलायना शार्लट सोडून शिकागोला आली. रिकाम्या शार्लटमध्ये फ्लोरिडा गेली, फ्लोरिडाने सोडलेल्या स्प्रिंगफील्डमध्ये (मॅसॅच्युसेट्समधलं, आपल्या इलिनॉयचं नव्हे) सेंट लुईस गेले, कारण सॅन अँटोनियोचा संघ त्यांचाच जोडीदार होता.

जून २०१९ मध्ये रोझमाँटला आम्ही चौघं गेलो होतो. शार्लटने आमच्या डोळ्यांदेखत, आमच्याच बर्फावर वुल्व्ह्जना हरवून एएचएलचा विजेतेपदाचा कॉल्डर कप उचलला. २०२० मध्ये त्याच शार्लटच्या बाकावरचे प्रशिक्षक रायन वॉर्सोफ्स्की आमचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि २०२२ मध्ये त्यांच्याच हाताखाली आम्ही तो कप जिंकला. समोर होतं स्प्रिंगफील्ड. त्या मोसमात स्टेफान नोसनने लीगमध्ये सर्वाधिक, ४८ गोल केले होते. पुढच्या मोसमात तो कॅरोलायनाकडून एनएचएलमध्ये खेळला. मला वाईट वाटलं नाही, उलट अभिमान वाटला. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. "गेला वर!" असं ओरडत त्यानेच ती बातमी मला दाखवली.

एवढा कप जिंकूनही २०२३ मध्ये जोडी तुटली. वुल्व्ह्जना अनुभवी खेळाडू घेऊन जिंकायचं होतं, कॅरोलायनाला आपली तरुण मुलं घडवायची होती. २०२३-२४ चा मोसम वुल्व्ह्ज एकटेच खेळले, वरच्या क्लबशिवाय. प्लेऑफ, म्हणजे मोसमाअखेरच्या कपासाठीच्या फेऱ्या, हुकले. तिकडे कॅरोलायनाच्या मुलांना इतरांच्या संघांत जागा शोधत फिरावं लागलं. दोघांनाही ते जड गेलं आणि २०२४ मध्ये पुन्हा जमलं. माझ्या मते चूक दोघांचीही नव्हती. पण आमच्यासारख्या घरांना त्या वर्षी कुणाला सांभाळून घ्यायचं, कुणावर जीव लावायचा हेच कळेना, एवढं खरं.

म्हणून जर्सी घ्याल तर पाठीवर खेळाडूचं नाव घालू नका. मुलाचं स्वतःचं आडनाव घाला. आमच्या धाकटीने तेच केलं आणि दरवर्षी तीच जर्सी अंगात आहे, आता घट्ट होते तरी. आवडता खेळाडू निवडायचा असेल तर आधी बघा, त्याचा करार वुल्व्ह्जशी आहे की वरच्या क्लबशी.

पहिल्यांदा जाणार असाल तर शनिवार-रविवारची मॅच निवडा. आत गारठा असतो, मुलांना स्वेटरवर जॅकेट हवंच. पार्किंगचे पैसे वेगळे लागतात, तेव्हा दोन कुटुंबांनी एका गाडीत या. आणि मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा. खेळाडू वॉर्म-अपला येतात तेव्हा लहान मुलांना काचेपाशी उभं करा, एखादा खेळाडू काचेवरून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, टाकतो. आमच्या दिवाणखान्यात असे तीन पक आहेत. एक व्हँकुव्हरच्या वेळचा, एक सेंट लुईसच्या, एक कॅरोलायनाच्या. तिन्हींवर लांडगा आहे.