भयपटांना गुण देताना या चुका टाळा

ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात आमच्या भागात सोयाबीनची मळणी आटोपत आलेली असते, पऱ्हाटीची बोंडे फुटू लागलेली असतात आणि रानडुकरे व रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखण्यासाठी वावरात रोजची जागल सुरू असते. याच दिवसांत, ३१ ऑक्टोबरला, पाश्चात्त्य देशांत हॅलोविन असतो. त्याचे मूळ सुगी संपून हिवाळा लागताना केल्टिक लोक पाळत असलेल्या सणात आणि त्याच सुमारास येणाऱ्या ख्रिस्ती संतदिनात आहे. त्या सणाशी आमचा तसा संबंध नाही. मात्र त्या निमित्ताने ओटीटीवर भयपटांची मोठी रांग लागते आणि वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावातील आम्ही आठ-दहा जण गेली काही वर्षे त्या पंधरवड्यात भयपट पाहून प्रत्येकाला वहीत दहापैकी गुण देत आलो आहोत. मागच्या वर्षी जुन्या वह्या एकत्र चाळल्या, तेव्हा एक गोष्ट स्पष्टपणे जाणवली. त्यांतले कितीतरी गुण चित्रपटाला दिलेले नव्हते. ते त्या रात्रीच्या थकव्याला, गेलेल्या लाइनीला, फुटक्या आवाजाला किंवा शेजारी बसलेल्याच्या मताला दिलेले होते. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे आमच्या अनुभवातून येथे सविस्तर मांडत आहे.

दचकणे आणि भिणे यांची गल्लत

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. आपल्या भाषेत दचकणे, भिणे, धास्तावणे, भेदरणे, शिसारी येणे असे वेगवेगळे शब्द आहेत आणि ते वेगवेगळ्या अनुभवांसाठीच आहेत. पण गुण देताना आपण ते सारे एकाच आकड्यात कोंबतो. मोठा आवाज अचानक कानावर आला की अंग आपोआप आखडते, डोळे मिटतात आणि छातीत धडधडते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे आणि ती घडवून आणायला कथेची काहीही गरज नसते. फटाका फुटल्यावरही माणूस तसाच दचकतो, पण म्हणून तो फटाक्याला भितो असे कोणी म्हणणार नाही.

या युक्तीचा इतिहास समजून घेतला तर गल्लत टळते. १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकी चित्रपटात एक स्त्री रात्री निर्जन रस्त्याने चाललेली असते आणि कोणीतरी मागावर असल्याची शंका तिच्यासोबत आपल्यालाही येते. आधी दोघींच्या पावलांचे आवाज येतात, मग एकीचेच येतात, मग तेही थांबतात आणि त्या शांततेत एक बस ब्रेकचा फुत्कार टाकत पडद्यावर घुसते. बसपासून तिला काहीच धोका नसतो, तरी प्रेक्षक जागचा हलतो. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून चित्रपटसृष्टीत या युक्तीला ‘ल्यूटन बस’ असेच नाव पडले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या प्रसंगाची ताकद बसमध्ये नसून तिच्या आधीच्या चालण्यात आहे. पुढच्या कित्येक चित्रपटांनी बस तेवढी उचलली आणि ते चालणे सोडून दिले. अशा चित्रपटाला दर दहा मिनिटांनी दचकलो म्हणून नऊ गुण देणे हा, शांतपणे भीती रचत नेणाऱ्या चित्रपटावर अन्याय आहे.

यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. वहीत धास्तीचा रकाना वेगळा आणि दचकण्याचा वेगळा ठेवावा, आणि दचकण्याच्या रकान्यात गुण न लिहिता फक्त किती वेळा दचकलो त्याची संख्या लिहावी. किळस येणारी दृश्ये असतील तर त्यांचीही नोंद स्वतंत्र करावी, कारण रक्तमांस पाहून तोंड फिरवणे म्हणजेही भीती नव्हे. शंका राहिलीच, तर तो प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पुन्हा पाहावा. आवाजाविनाही जीव टांगणीला लागत असेल, तर ती रचनेची करामत आहे; आणि आवाज काढताच प्रसंग कोरडा पडत असेल, तर काय ते आपोआप कळते. अर्थात आवाजावरच उभ्या असलेल्या चांगल्या चित्रपटांना ही कसोटी लावू नये, एवढे तारतम्य पाहणाऱ्याने ठेवायचे आहे.

चित्रपट संपताच गुण लिहिणे

चित्रपट संपतो तेव्हा शरीर अजून तापलेले असते. नाडी जलद चाललेली असते आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतील धावपळ संपूर्ण चित्रपटावर पसरते. उलट, भीती बऱ्याचदा उशिरा उगवते. आमच्यातील एका सोबत्याने एका संथ चित्रपटाला रात्री चार गुण दिले होते. दुसऱ्या रात्री जागलीला जाताना पांदणीत त्याला त्यातील एक साधे दृश्य आठवले आणि तो मचाणापर्यंत मागे वळून पाहत गेला. तेव्हापासून आम्ही रात्री फक्त टिपणे लिहितो आणि गुण सकाळी, चहा घेऊन झाल्यावर देतो. चित्रपट उजेडातही सोबत राहिला की नाही, याचे उत्तर सकाळीच मिळते.

चर्चेबाबतही हीच काळजी घ्यावी. एखादा मोठा दादा किंवा काका उठता उठता ‘काही दम नाही यात’ असे म्हणाला, की बाकीच्यांचे आकडे एकेक गुणाने खाली येतात, असे वहीतच दिसते. म्हणून आधी प्रत्येकाने आपले टिपण चिठ्ठीवर लिहून घडी घालावी आणि मगच तोंड उघडावे.

पडद्याचे आणि आवाजाचे दोष चित्रपटाच्या माथी मारणे

दोन वर्षांपूर्वी मी एका चित्रपटाला ‘मालिकेसारखा दिसतो, वातावरण नाही’ असे लिहून तीन गुण दिले होते. पुढच्या वर्षी तोच चित्रपट दुसऱ्या घरी पाहिला तेव्हा तो अंगावर आला. दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये होता. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. नवे टीव्ही मधली चित्रे स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतात आणि त्यामुळे चित्रपटाचा पोत जाऊन त्याला दूरदर्शनवरच्या मालिकेची कळा येते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये मोशन किंवा स्मूद अशा नावाने हा पर्याय असतो, तो बंद करावा. ‘फिल्ममेकर मोड’ असल्यास तो निवडावा. मोबाइलवर पाहणाऱ्यांनी पडद्याचा उजेड आपोआप कमी-जास्त करणारा पर्याय बंद करावा, कारण काळोखाचे दृश्य सुरू असताना पडदाही मंद झाला तर काहीच दिसत नाही.

‘सारे काळेच दिसते’ ही तक्रार अनेकदा कमी वेगाच्या इंटरनेटमुळे उद्भवते. वेग पडला की चित्राचा दर्जा आपोआप खाली जातो, आणि त्याचा पहिला फटका अंधाऱ्या भागांना बसून तेथे चौकटी-चौकटी दिसू लागतात. एचडी दर्जाचा चित्रपट तासाला साधारण ३ जीबीपर्यंत डेटा घेऊ शकतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये तो मावणार नाही. तालुक्याच्या गावी गेल्यावर वायफायवर आधीच उतरवून घेणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

संवाद पुटपुटल्यासारखे आणि किंकाळ्या कर्कश ऐकू येत असतील, तर आवाजाच्या पर्यायांत जाऊन ५.१ (अनेक स्पीकरसाठी वाटलेला आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोनच स्पीकरचा आवाज) निवडून पाहावे. ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरसाठी असतात आणि तो आपल्याकडे नसतो. मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून खर्जातील घुमणारा आवाज निघतच नाही, त्यामुळे साधा इअरफोनही तेथे मोठा फरक करतो. याच्या उलट टोकाची चूक म्हणजे मंडपातला मोठा स्पीकर आणून लावणे होय. भयपटात शांततेला किंमत असते आणि त्या स्पीकरची नुसती घरघरच शांतता खाऊन टाकते. हिंदी डबिंगमध्ये श्वास, कुजबुज आणि खोलीतले बारीक आवाज पुष्कळदा दबून जातात. म्हणून जमेल तेथे मूळ भाषा आणि खाली उपशीर्षके ठेवावीत, आणि डब केलेला चित्रपट पाहिला असेल तर तसे वहीत नमूद करावे.

वेळ चुकीची निवडणे

ज्या आठवड्यात मोटरीला रात्रीची लाइन असते, त्या आठवड्यात हरभऱ्याच्या ओलितासाठी निम्मी मंडळी मधूनच उठून जातात आणि परत येऊन ‘काय झालं?’ असे विचारतात. हे टाळायलाच हवे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६० साली ‘सायको’ प्रदर्शित करताना, चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, अशी अट चित्रपटगृहांना घातली होती. भीती ही पायरीपायरीने चढवलेली असते आणि मधली पायरी चुकलेला माणूस वर पोहोचत नाही, हे ते जाणून होते. आम्हीही नऊ वाजता दार लावतो. ज्याला ओलिताला जायचे आहे त्याने दुसऱ्या दिवशी पाहावे, पण अर्धवट पाहून गुण देऊ नयेत.

एका रात्रीत तीन-चार चित्रपट पाहण्याचा हट्टही सोडावा. दिवसभर हडंब्यावर (मळणीयंत्रावर) राबलेला माणूस दुसऱ्या चित्रपटाला पेंगतो आणि तिसऱ्याला कंटाळवाणा म्हणतो. शिवाय मन भीतीला सरावते, त्यामुळे शेवटी लागलेल्या चित्रपटाला नेहमीच कमी गुण पडतात. तिथीकडेही पाहावे. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती, आणि त्या रात्री फटाक्यांच्या आवाजात पाहिलेल्या चित्रपटाचे गुण आम्ही नंतर रद्द केले.

आकडे चुकीचे वाचणे

समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर एखाद्या चित्रपटाला ९० टक्के दिसले, की तो दहापैकी नऊ गुणांचा असे समजून पुष्कळ जण निवड करतात. तो आकडा सरासरी गुणांचा नसतो. शंभरातल्या नव्वद समीक्षकांना चित्रपट एकंदरीत बरा वाटला, एवढेच तो सांगतो. सर्वांनी ‘ठीक आहे’ म्हटलेला चित्रपट तेथे फार वर जाऊ शकतो, आणि काहींना विलक्षण आवडलेला व काहींना मुळीच न आवडलेला चित्रपट मध्यावर अडकतो. भयपटांबाबत हे विशेष घडते, कारण प्रत्येकाची भीती वेगळी असते. वाचायचेच असेल, तर वाईट म्हणणाऱ्यांची कारणे वाचावीत. ‘फार संथ’ ही तक्रार माझ्यासाठी बहुतेक वेळा शिफारसच ठरली आहे.

सजावटीला गुण देणे हीदेखील याच घरातील चूक आहे. भोपळे आणि गळलेली पाने दिसली म्हणजे चित्रपट हॅलोविनचा झाला, असे नव्हे. जॉन कार्पेंटर यांचा १९७८ सालचा ‘हॅलोविन’ चित्रित झाला तो कॅलिफोर्नियाच्या वसंतात. शरदातली पाने रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि गोळा करून पुन्हा वापरली जात. त्यातली भीती पानांत नाही. भरदिवसा, ओळखीच्या रस्त्यावर, कुंपणाआड उभ्या राहिलेल्या माणसात ती आहे. तळघर असलेले घर आमच्या गावात एकही नाही, पण पऱ्हाटीच्या ओळींत काय उभे आहे हे न दिसणे आम्हाला पुरते ठाऊक आहे.

गावाच्या भीतीशी खेळणे

ही चूक गुणांची नाही, पण ती सर्वांत गंभीर आहे. चित्रपट पाहून झाल्यावर पांढरे कापड पांघरून पांदणीत उभे राहणे, रात्री कोणाच्या कवाडाजवळ लिंबू-हळदकुंकू ठेवणे, असले प्रकार पोरे मजेखातर करतात. आपल्या भागात करणी आणि भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना मारहाण झालेली आहे. आपण ठेवलेल्या लिंबाचा आळ दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एखाद्या एकट्या आजीवर येऊ शकतो आणि तेव्हा ‘ती मजा होती’ हे सांगायला कोणी पुढे येत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून लागू असलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अमुक व्यक्ती करणी करते किंवा गुरांचे दूध आटवते असे जाहीर करणे, तसेच भुताची भीती घालून लोकांत घबराट पसरवणे, हे गुन्हे ठरवले आहेत. म्हणून आम्ही वहीत एक ओळ नेहमी लिहितो: संकट मांत्रिकाच्या हातून सुटते असे चित्रपट दाखवतो का, आणि एखाद्या बाईला डाकीण ठरवून तो प्रेक्षकाला तिच्याविरुद्ध उभे करतो का. तसे असेल तर त्याचे गुण कमी होत नाहीत, पण तो आम्ही आजी-आजोबांसमोर किंवा लेकरांसमोर लावत नाही.

लेकरांच्या बाबतीत प्रमाणपत्र पाहण्यात आळस करू नये. पूर्वीचे ‘यूए’ (लहानांनी पालकांच्या देखरेखीखाली पाहण्याचे) प्रमाणपत्र आता ७, १३ आणि १६ वर्षे अशा तीन टप्प्यांत विभागलेले आहे आणि ओटीटीवरही वयाची खूण सुरुवातीलाच दिसते. ओसरीवर पडदा लावला की शेजारची पोरे जमतातच, त्यामुळे मोठ्यांचा चित्रपट घरात आणि कवाड लावूनच पाहावा.

चित्रपटानंतर झोप लागत नसेल, तर लगेच दुसरा चित्रपट लावून मन वळवण्याचा प्रयत्न करू नये. दिवा लावून सोबत्याशी काही वेळ बोलत बसावे, कारण शरीर शांत व्हायला वेळ लागतोच. आणि ज्याची त्या रात्री एकट्याने जागल आहे, त्याने भयपट पाहून वावरात जाऊ नये. घाबरलेल्या कानाला डुकराची चाहूल भुताची वाटते, आणि मग खरे जनावर अंगावर आले तरी हात चार्जिंगच्या टॉर्चकडे जात नाही. त्या रात्री पाळी बदलून घ्यावी किंवा दोघांनी मिळून जावे.