नॉर्डलिंगनला जाताय? रविवार टाळा

लोणार पाहिलेल्या माणसाने जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातलं नॉर्डलिंगन जरूर पाहावं. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापाताच्या विवरातच हे गाव वसलंय. फरक एवढाच, की लोणारचं विवर काठावरून एका नजरेत मावतं. इथलं जवळपास 25 किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे आत उभं राहून काहीच कळत नाही! म्हणून आधी चर्चच्या 'डॅनियल' मनोऱ्यावर चढा. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, दम लागतो. पण वरून सपाट शेतं आणि त्यांना वेढणारी टेकड्यांची कड दिसली की सगळं उलगडतं. चर्चच्या दगडातही उल्केच्या धक्क्याने तयार झालेले अतिसूक्ष्म हिरे आहेत. (खरवडू नका, डोळ्यांना दिसत नाहीत.) मग छप्पर असलेल्या तटावरून गावाला पूर्ण फेरी मारा, अंतर पावणेतीन किलोमीटर, पैसे लागत नाहीत.

रविवारी दुकानं बंद आणि खेड्यांकडच्या बस तुरळक, म्हणून आसपास फिरायचं तर मधला वार बरा. बायर्न तिकीट (बव्हेरियातला एका दिवसाचा प्रवास पास) प्रादेशिक गाड्यांना चालतं, पण सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच. खिशात थोडे सुटे युरो असू द्या.